ठाणे-नवी मुंबईच्या बारमध्ये हाउस वाजवायचं असेल तर

डीजे व्हायचंय म्हणून मला मेसेज करणाऱ्या नव्या मुलामुलींचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा कंट्रोलरचा, म्हणजे गाणी मिसळायच्या मशीनचा असतो. कुठला घेऊ, सेकंडहँड चालेल का, लॅपटॉप कसला लागेल. कंट्रोलरचं उत्तर पुढे देतेच. आधी बाजार कसा आहे ते सांगते, कारण तो समजून न घेता पैसे गुंतवणारे बरेच जण वर्षभरात मशीन विकून मोकळे होतात.

घोडबंदर रोड, हिरानंदानी इस्टेट, पाचपाखाडी, इकडे वाशी, सानपाडा, पाम बीच रोडची कड, सीबीडी बेलापूर. या पट्ट्यात बार भरपूर आहेत, हाउस, म्हणजे सरळ ठेक्यावरचं नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत, वाजवू देणारे मोजके. शुक्रवार-शनिवार म्हणजे बॉलीवूड, पंजाबी आणि शेवटच्या अर्ध्या तासात दोन-चार मराठी गाणी. त्याला आम्ही कमर्शियल नाइट म्हणतो. हाउसच्या वाट्याला गुरुवार येतो, नाहीतर रविवारची संध्याकाळ, नाहीतर कुठल्याही रात्रीचा साडेआठ ते साडेदहाचा वॉर्मअप. त्या वेळी लोक जेवत असतात, गप्पा मारत असतात, वेटर ट्रे घेऊन तुमच्या कन्सोलला वळसा घालत असतात. कुणी नाचत नाही. तुम्हाला सुरुवात इथूनच करायची आहे, आणि माझ्या मते डीजे घडतो तो याच दोन तासांत. रिकाम्या फ्लोअरसमोर धीर न सोडता, आवाज न चढवता, साडेदहापर्यंत खोलीतल्या माणसांचे पाय टेबलाखाली हलायला लागले पाहिजेत. मोठ्या स्टेजवर जाण्याआधी हे जमवा.

आता हे संगीत कुठून आलं, ते. हा भाग गाळून थेट मशीनवर जाऊ नका. तो माहीत असला की काय वाजवायचं, कुठे वाजवायचं आणि कुठे नाही म्हणायचं, हे तिन्ही निर्णय सोपे होतात.

शिकागोमध्ये १९७७ साली द वेअरहाउस नावाचा क्लब सुरू झाला. जुन्या कारखान्याची इमारत होती, आणि न्यू यॉर्कहून आलेला फ्रँकी नकल्स तिथे वाजवायचा. येणारी माणसं मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यांतले बरेच समलिंगी. शहरातल्या गोऱ्यांच्या क्लबांत ज्यांना दारातच अडवलं जायचं, अशी ही माणसं. वेअरहाउसच्या नावावरूनच पुढे या संगीताला हाउस म्हणायला लागले. दोन वर्षांनी, १२ जुलै १९७९ ला, त्याच शहरातल्या कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर एका रेडिओ निवेदकाने डिस्कोच्या रेकॉर्ड्सचा ढीग रचून स्फोटाने उडवला. हजारो लोक मैदानात घुसले, इतका धुडगूस झाला की त्या दिवसाचा दुसरा सामना रद्द करावा लागला. त्या रात्री मैदानात विन्स लॉरेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा लोकांना जागा दाखवायचं काम करत होता. त्याने नंतर सांगितलं आहे की लोकांनी जाळायला आणलेल्या रेकॉर्ड्समध्ये डिस्कोशी संबंध नसलेल्या, फक्त कृष्णवर्णीय कलाकारांच्या म्हणून आणलेल्या रेकॉर्ड्सही होत्या. हाच विन्स लॉरेन्स पुढे जेसी साँडर्सबरोबर १९८४ च्या त्या रेकॉर्डवर होता, जिला पहिली हाउस रेकॉर्ड मानतात.

यंत्रांचीही गोष्ट अशीच आहे. रोलँड कंपनीची ८०८, ९०९ ही ड्रम मशीन आणि ३०३ हे बेसचं यंत्र बाजारात फारसं चाललं नाही, म्हणून सेकंडहँड स्वस्तात मिळायला लागलं. ज्यांना स्टुडिओ आणि वादक परवडत नव्हते, त्यांनी ते घेतलं आणि घरातल्या घरात रेकॉर्ड बनवल्या. यात आपल्या मुंबईचंही एक पान आहे. हिंदी सिनेसंगीतात वादक म्हणून काम केलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये याच ८०८ आणि ३०३ वर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून एक रेकॉर्ड काढली. तेव्हा ती कुणी फारशी घेतली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे डीजे थक्क झाले, कारण शिकागोतल्या ॲसिड हाउस या प्रकाराच्या काही वर्षं आधीच तो आवाज मुंबईत वाजून गेला होता.

आणि सरकारं या संगीताला घाबरतात, हेही लक्षात असू द्या. ब्रिटनमध्ये १९९४ च्या फौजदारी कायद्यात रात्रीच्या उघड्यावरच्या रेव्ह, म्हणजे नाचाच्या पार्ट्या, मोडून काढण्याचे अधिकार पोलिसांना दिले, आणि त्यात कसलं संगीत हे सांगताना एकामागोमाग एक पुन्हापुन्हा येणारे ठोके असं लिहिलं. एका देशाच्या संसदेने ठेक्याची व्याख्या कायद्यात घातली!

आता हात कुठे ठेवायचे ते. सुरुवातीला डीडीजे-एफएलएक्स४ सारखा दोन चॅनलचा कंट्रोलर पुरेसा आहे, जुना डीडीजे-४०० चांगल्या अवस्थेत मिळाला तर तोही. हेडफोन मात्र चांगला घ्या, त्यात काटकसर करू नका. रेकॉर्डबॉक्स या सॉफ्टवेअरमध्ये गाणी नीट लावायला शिका, कारण बारमध्ये तुमच्यासमोर सीडीजे, म्हणजे यूएसबीवरून गाणी वाजवणारी मशीन असतील आणि तुमच्याकडे फक्त यूएसबी. यूएसबी दोन ठेवा, दोन्हीवर तीच लायब्ररी, दोन्ही फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या. फाइल्स ३२० केबीपीएसच्या एमपी३ किंवा वेव्ह ठेवा. आपल्याकडच्या बऱ्याच बारमध्ये जुनी मॉडेल्स आहेत, त्यांतली काही फ्लॅक प्रकारच्या फाइल्स वाचत नाहीत. गाणी विकत घ्या. बँडकॅम्पवर घेतलंत तर कलाकाराच्या हातात त्यातल्या त्यात बरा वाटा जातो. ज्यांच्या संगीतावर आपण पैसे कमावतो त्यांचे पैसे बुडवून समतेच्या गप्पा मारता येत नाहीत.

हाउसचा वेग मिनिटाला साधारण ११८ ते १२८ ठोक्यांचा. बीटमॅच, म्हणजे दोन गाण्यांचे ठोके जुळवणं, मशीन करून देतं, पण ओळ कुठे संपते ते मशीनला कळत नाही. बहुतेक ट्रॅक बत्तीस ठोक्यांच्या तुकड्यांत बांधलेले असतात. तबला शिकला असाल तर तीनतालाची दोन आवर्तनं धरा आणि समेवर लक्ष ठेवा, दुसऱ्या ट्रॅकचा पहिला ठोका तिथे पडला पाहिजे. मग घाई नको. नवा ट्रॅक आत घेताना त्याचा लो, म्हणजे बेसचा खालचा आवाज, पूर्ण बंद, हाय, म्हणजे वरचा बारीक आवाज, थोडा उघडा. फक्त हायहॅटची, म्हणजे ड्रममधल्या झांजांची कुजबुज ऐकू येईल इतपत. सोळा बार, म्हणजे चौसष्ट ठोके, तसंच चालू द्या. मग तुकडा बदलतो त्या क्षणी जुन्याचा लो काढा आणि नव्याचा द्या, दोन्ही हात एकाच वेळी. दोन बेस एकमेकांवर चढले की खोलीत चिखल होतो आणि लहान बारमध्ये तो जास्तच जाणवतो, कारण छत खाली असतं आणि भिंती काचेच्या. गेन, म्हणजे मिक्सरमध्ये येणाऱ्या आवाजाची पातळी, असा लावा की मिक्सरचे दिवे हिरव्यात राहतील, जास्तीत जास्त केशरीत. मॅनेजर आवाज वाढव म्हणाला तर लाल दिव्यात जाऊ नका. ॲम्प्लिफायर कुणाच्या हातात आहे ते आधीच विचारून ठेवा आणि त्याला वाढवायला सांगा.

आवाजाबद्दल अजून थोडं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. म्हणजे टेरेसवर, गार्डन सीटिंगमध्ये दहानंतर तुमचा सेट बंद, कितीही रंगलेला असो. बंद जागेत वाजवता येतं, पण जागेच्या हद्दीवर आवाज ठरलेल्या मर्यादेच्या फार वर जाता कामा नये. रहिवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, व्यापारी भागाची ५५. वाशीत आणि ठाण्यात कितीतरी बार अशा इमारतींत आहेत की खाली दुकानं आणि वर बिऱ्हाडं. वरच्या मजल्यावर गाणं पोचत नाही, बेस पोचतो. तो भिंतीतून चढतो. वर कुणाची बारावीची परीक्षा असते, कुणी पहाटेच्या शिफ्टला जाणार असतं. सोसायटीचा वॉचमन निरोप घेऊन आला की काही डीजे तोंड वाकडं करतात. मी लो खाली घेते. ज्यांच्या बाजूने आपण बोलतो असं आपल्याला वाटतं, ती माणसं बऱ्याचदा त्या भिंतीपलीकडेच झोपलेली असतात. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये शांततेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला आहे, आणि मला तो निर्णय पूर्ण पटतो.

स्वतःच्या कानांचंही बघा. ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो असं मानलं, तर दर तीन डेसिबलला तो वेळ निम्मा होत जातो. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. इअरप्लग घ्या. वेटर आणि बारटेंडर रोज त्याच आवाजात उभे असतात आणि त्यांना इअरप्लग देण्याचं कुणाच्या मनात येत नाही. मी आता स्पीकर लावतानाच विचारते की बार काउंटरकडे तोंड केलेला स्पीकर थोडा फिरवता येईल का. बहुतेक ठिकाणी येतो.

आता मला जे मुख्य सांगायचं आहे ते. माझं राजकारण बारमध्ये यायच्या आधीचं आहे. बाबा माथाडी कामगार, वाशीच्या मार्केटला. मूळ गाव पाटण तालुक्यात, घर कोपरखैरण्यात. कॉलेजात मी मोर्च्यांना जायचे, पथनाट्यात डफ वाजवायचे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढलं होतं, त्या परंपरेचा आम्हाला अभिमान होता. मी डफ ठेवून कन्सोलवर गेले तेव्हा जुन्या मित्रांपैकी काहींनी तोंडावर विचारलं की पैसेवाल्यांना नाचवण्यात कसली आली चळवळ. प्रश्न बरोबर होता. उत्तर मला मिळालं ते संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात.

त्याचा दुसरा खंड वाचा. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणत्याही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागा इथे जाण्यापासून अडवता येणार नाही. त्याच खंडात पुढे विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते येतात. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं महाडला चवदार तळ्यावर गेली, आणि पुढे संविधानाच्या एकाच वाक्यात तळं आणि करमणुकीची जागा शेजारी शेजारी आली. पनवेलहून गोवा रस्त्याला लागलं की महाड फार दूर नाही. मी हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा स्पष्ट झालं की बारचा दरवाजा हा राजकारणाचा विषय आहे, आणि त्या दरवाजाच्या आतल्या बाजूला पगार घेऊन उभं राहणाऱ्या माणसावर त्याची जबाबदारी येते. हाउस तर दारावर अडवलेल्या माणसांनीच उभं केलं.

म्हणून नवीन जागेची गिग, म्हणजे वाजवायचं काम, घेण्याआधी मी एकदा साधं गिऱ्हाईक म्हणून तिथे जाते आणि दाराजवळच्या टेबलावर बसते. बाउन्सर कुणाला काय बोलतो ते ऐकते. चपला बघून थांबवतात का? मराठीत बोलणाऱ्या पोरांच्या टोळक्याला टेबल नाही आणि मागून इंग्रजीत बोलत येणाऱ्यांना आहे, असं होतं का? एकट्या बाईला कोणासोबत आलात असं विचारतात का? घोडबंदर पट्ट्यातल्या एका बारमध्ये मी वॉर्मअप करत असताना दोन तृतीयपंथी मैत्रिणी आल्या, नीट तयार होऊन, एकीचा वाढदिवस होता. दारावर त्यांना सांगितलं गेलं की आज प्रायव्हेट पार्टी आहे. कसलीही पार्टी नव्हती. मी लांबलचक ट्रॅक लावला, खाली उतरून मॅनेजरकडे गेले.

“दादा, पार्टी कोणाची आहे?”

“मॅडम, तुम्ही वाजवा ना. बाकीचे गेस्ट ऑब्जेक्शन घेतात.”

“कुणी घेतलं?”

कुणीच घेतलं नव्हतं. २०१९ च्या कायद्याने तृतीयपंथी व्यक्तींना लोकांसाठी खुल्या असलेल्या सेवा नाकारता येत नाहीत, हे मी त्यांना शांतपणे सांगितलं. त्यांनी मालकाला फोन लावला, बराच वेळ गेला, शेवटी टेबल दिलं, ते कोपऱ्यातलं. त्या दोघी बसल्या, केक कापला. मी त्या महिन्याची ठरलेली गिग पूर्ण केली आणि नंतर ती जागा घेतली नाही. नव्यांना मी असं लगेच करा म्हणणार नाही, कारण घरभाडं सगळ्यांनाच भरायचं असतं. पण प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत, आणि डीजेने विचारलेला प्रश्न मॅनेजरला टाळता येत नाही, कारण संगीत बंद पडलेलं त्याला परवडत नाही.

स्टॅग एंट्रीवरून मात्र सरळ उत्तर नाही. एकट्या पुरुषांना बंदी आणि फक्त कपल, हा नियम बायकांच्या सुरक्षिततेसाठी आहे असं सांगतात. मी बाई आहे, फ्लोअरवरचा धक्का मुद्दाम मारलेला असतो की चुकून, हे मला कळतं. तरीही हा नियम मला पटत नाही. त्यात एमआयडीसीत काम करणारा, एकट्याने आलेला, कोपऱ्यात उभं राहून डोळे मिटून ऐकणारा पोरगा बाहेर राहतो, आणि बायकोला सोबत घेऊन आलेला त्रास देणारा माणूस आत येतो. नियम वागण्याचा करा. त्रास दिला की बाहेर, मग कोणी का असेना. हे दारावर लिहून लावायला दोन मालक माझ्या सांगण्यावरून तयार झाले.

आईशी या सगळ्यावर माझं बोलणं अजून चालू आहे. माझी मावशी गावाकडे आडव्या बाटलीच्या मतदानासाठी घरोघर फिरलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आपल्या राज्यात गावातल्या किंवा वॉर्डातल्या बायकांनी पुरेशा सह्या दिल्या तर दारूचं दुकान बंद करण्यावर मतदान घेता येतं. उभी बाटली म्हणजे चालू ठेवा, आडवी म्हणजे बंद. खारघरमध्येही दारूविरोधात रहिवाशांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं आहे. आई मला म्हणाली, “तुझी मावशी बाटली आडवी करती आन तू तिथंच वाजवाय जाती. कसं सांगू तिला?”

मी तिला सांगितलं की वेअरहाउसमध्ये दारू विकत नसत, पाणी आणि ज्यूस मिळायचं, लोक फक्त नाचायला यायचे. आई म्हणाली, “मग तसलं काढ की एखादं.” मला ते फार आवडलं. वाशीत दुपारच्या वेळी एका कॅफेत आम्ही मैत्रिणींनी तसं करून पाहिलं, चार ते आठ, दारू नाही, वीस वर्षांच्या पोरींपासून साठीच्या बाईपर्यंत माणसं आली. पैसे फारच थोडे सुटले. पुन्हा करणार आहोत. मावशीच्या बाजूला मी विरोधक मानत नाही. दारूपायी घरातला पगार गेलेल्या बायकांचं म्हणणं ऐकून न घेता बारमध्ये पुरोगामीपणा मिरवणं मला जमणार नाही. वाजवताना मी पीत नाही, आणि बार काउंटरवरची विक्री किती झाली यावर माझं मानधन ठरवू देत नाही.

याच पट्ट्यात डान्स बारचा प्रश्न झाला, तो नव्या पोरांनी वाचलाच पाहिजे. ऑगस्ट २००५ पासून राज्याने बारमधल्या नाचावर बंदी घातली, पण तीन तारांकित आणि त्यावरची हॉटेलं, जिमखाने, क्लब यांना सूट दिली. एप्रिल २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली, जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. मग २०१४ ची दुरुस्ती, २०१६ चा नवा कायदा, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्याही बऱ्याच अटी काढून टाकल्या. एवढ्या वर्षांत त्या बायकांची रोजीरोटी गेली ती गेली. गरीब गिऱ्हाइकासमोर नाचलं की अश्लील आणि पंचतारांकितमध्ये नाचलं की करमणूक, ही दुटप्पी भूमिका न्यायालयाने दाखवून दिली. मी कन्सोलमागे उभी राहते, माझा फोटो पोस्टरवर येतो, लोक मला आर्टिस्ट म्हणतात. हायवेवरच्या बारमध्ये नाचणाऱ्या बाईला यातलं काही मिळालं नाही, आणि रात्री काम करणारी बाई म्हणून लोक आमच्याकडे बघतात ती नजर मात्र एकच. भारतीय बारगर्ल्स युनियन आणि वर्षा काळे यांनी ती लढाई लढली नसती तर आज माझ्यासारखीला लायसन्सच्या जागेत उभं राहणं आणखी अवघड गेलं असतं, असं मी मानते.

पैशांबद्दल मी बाबांकडून शिकले. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली हमालांनी केलेली संघटना होती. व्यापारी आणि कामगार दोघांची बोर्डाकडे नोंदणी, व्यापाऱ्याने मजुरी बोर्डात भरायची, वर लेव्ही भरायची, त्यातून प्रॉव्हिडंट फंड, बोनस, औषधपाणी. ज्याला कायमचा मालक नाही अशा माणसासाठी केलेली ही व्यवस्था आहे. डीजेलाही कायमचा मालक नसतो, आणि बोर्डही नाही. आपल्या बाजूने कागद तेवढा असतो. म्हणून व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या: तारीख, वेळ किती ते किती, रक्कम, अर्धे आगाऊ, उरलेले त्याच रात्री, सीडीजे आणि मिक्सर कुठलं मॉडेल, जेवण, घरी सोडायची गाडी, आणि रद्द झालं तर काय. निवडणुकीच्या काळात मतदान संपायच्या आधीचे अठ्ठेचाळीस तास आणि मोजणीच्या दिवशी ड्राय डे असतो, २ ऑक्टोबर, २६ जानेवारीलाही. कॅलेंडर बघून तारीख घ्या. टीडीएस कापला तर पावती मागा आणि रिटर्न भरा. गाण्यांचे सार्वजनिक वादनाचे परवाने जागेने काढायचे असतात, ते आहेत का एवढं विचारून ठेवा.

मला सुरुवातीला रात्रीचे तीन ते पाच हजार मिळायचे. आज कुणी नवा मुलगा फुकट वाजवायला तयार होतो तेव्हा त्याच्या आधी तिथे वाजवणाऱ्याचं मानधन खाली येतं. एखाद्या मित्राच्या वाढदिवसाला, एखाद्या मोर्च्याच्या निधीसाठी फुकट वाजवा, खुशाल वाजवा. बारला नाही. आमच्या ठाणे-नवी मुंबईच्या ग्रुपवर आम्ही किमान रक्कम ठरवून घेतली आहे आणि नव्यांना ती आधीच सांगतो. बाबांना हे सांगितल्यावर त्यांनी टोळीचा मुकादम कोण, असं विचारलं होतं. मुकादम नाही, पण टोळी आहे.

जाण्यायेण्याचं मुलींनी जरूर ठरवून घ्यावं. बार दीडला बंद होतो, ट्रान्स-हार्बरची शेवटची गाडी त्याच्या कितीतरी आधी गेलेली असते, आणि बारानंतर रिक्षाला रात्रीचं भाडं लागतं. २०१७ च्या दुकानं व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती, सुरक्षितता आणि घरी पोचवायची सोय लागते. डीजे नोकरीवर नसते म्हणून तिला तो लागू नाही असं सांगतील. मी गाडी मागते, आणि त्याच गाडीत त्या दिशेच्या होस्टेस आणि किचनमधल्या बायकांना घेते. सुरुवातीला ड्रायव्हर कुरकुरला. आता आधी ऐरोली, मग घणसोली, मग मी, असा रस्ता ठरला आहे.

एक गोष्ट नव्यांनी बिलकुल करू नये. लाउंजमध्ये वाजवणारे काही जण जयंतीच्या मिरवणुकीतल्या डीजेवाल्यांना नाकं मुरडतात. आवाजाबद्दलची तक्रार मला मान्य आहे, ती गणपतीलाही तेवढीच लागू आहे. पण १४ एप्रिलला ट्रकवर उभा असलेला पोरगा हजारो माणसांसमोर, पाऊल पाऊल सरकणाऱ्या गर्दीत, तीन-चार तास एकही रिकामी जागा न ठेवता मिक्स करतो. त्याला सबवूफर कसे रचायचे, जनरेटरवर किती लोड चालतो, कुठल्या ओळीला गर्दी एका सुरात उचलून घेते, हे सगळं माहीत असतं. भीमराव कर्डकांच्या जलशांपासून आणि वामनदादांच्या गाण्यांपासून चालत आलेलं लोकांचं संगीत त्याच्या यूएसबीत आहे. शिकागोच्या वस्तीतलं संगीत डोक्यावर घ्यायचं आणि दिघ्यातलं, तुर्भ्यातलं खाली बघायचं, हे मला सहन होत नाही. मी त्या पोरांकडून शिकले, विशेषतः लो कसा सांभाळायचा ते. उलट बाजूनेही जपा: शाहिरीचा एखादा तुकडा कापून, खाली किक ड्रमचा ठोका टाकून कॉकटेलबरोबर वाजवायचा मोह होतो, मी तो टाळते. ज्यांचं गाणं आहे ते खोलीत नसतील तर ते सजावटीला वापरू नये.

फ्लोअरवर भाषण देऊ नका. माइकवरून घोषणा नको, पोस्टर नको. कुणी शिवीगाळ असलेलं, बायकांना माल म्हणणारं गाणं मागितलं तर नाही म्हणा आणि त्याच वेगाचं दुसरं लावा, लोक नाचत राहतात.

पहिली गिग मिळवायची तर मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी चारच्या सुमारास जा. जेवणाची वेळ संपलेली असते, मॅनेजर हिशेब करून चहा पीत असतो, त्याला बोलायला वेळ असतो. ऑनलाइन मिक्सची लिंक पाठवून वाट बघत बसू नका. त्याला सांगा की आठवड्याच्या रिकाम्या रात्री दोन तासांचा वॉर्मअप द्या, रक्कम अमुक. ट्रायलवर बोलावलं तर अर्धा तास वाजवा, पूर्ण रात्र नाही. निघताना कॅप्टन, बारटेंडर आणि दारावरच्या माणसाचं नाव विचारून घ्या आणि पुढच्या वेळी नावाने हाक मारा. दारावरच्या माणसाला तुम्ही नावाने ओळखत असाल, तरच एखाद्या रात्री तुम्ही त्याला “भाऊ, यांना का थांबवलंस?” असं विचारू शकाल, आणि तो उत्तर देईल.